टेक कंपनीचा स्पिनऑफ म्हणजे फुकटचा पैसा? एकेक मुद्दा तपासून बघू

२०२५ मध्ये सॅनडिस्क ह्या फ्लॅश मेमरी बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा शेअर पळायला लागला तेव्हापासून एक दावा सगळीकडे फिरतोय, आणि इतक्या लोकांनी तो इतक्या वेळा पुढे पाठवलाय की नवीन माणसाला तो बाजाराचा नियमच वाटायला लागलाय. दावा साधारण असा: टेक कंपनीने आपला एखादा बिझनेस वेगळ्या कंपनीत काढून तिचे शेअर आपल्याच शेअरहोल्डरना द्यायचं जाहीर केलं, म्हणजे स्पिनऑफ, आपल्याकडे ज्याला डिमर्जर म्हणतात ते, की तो शेअर डोळे झाकून घ्यायचा. का, तर रेकॉर्ड डेटला, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असणाऱ्याला हक्क मिळतो त्या दिवशी, दुसरा शेअर फुकट पडतो, ईबे-पेपलवाले बघा कुठे पोचले, सॅनडिस्क बघा, अभ्यासांनी सिद्ध झालंय की स्पिनऑफ मार्केटला हरवतात, एकत्र असताना बाजाराला खरी किंमत दिसत नाही, वेगळं झालं की फोकस येतो, आणि शेवटचं म्हणजे मूळ कंपनी विकून छोटी ठेवायची कारण छोटीच कायम जास्त पळते.

मला ह्यातला एकेक मुद्दा घ्यायचाय, कारण हे वाचून पैसे टाकणारी माणसं आपलीच आहेत. पुण्या-मुंबईत आयटीत काम करणारे, ज्यांना पगाराबरोबर अमेरिकन कंपनीचे शेअर (आरएसयू) मिळतात, किंवा बे एरियात, न्यू जर्सीत राहणारे, ज्यांची अर्धी बचत एकाच टेक शेअरमध्ये अडकलेली असते, त्यांच्या कंपनीने उद्या स्पिनऑफ जाहीर केला तर ठेवू की विकू हा त्यांच्यासाठी अगदी खरा प्रश्न असतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्पिनऑफने आपोआप व्हॅल्यू तयार होत नाही. शेताची वाटणी झाली, सातबारे दोन झाले म्हणून पीक वाढत नाही, वाढलं तर पावसाने, बियाण्याने नाहीतर कसणाऱ्याने वाढतं. दाव्यातले आकडे बहुतेक खरेच आहेत, पण हिशोब कुठल्या तारखेला सुरू करायचा आणि कुठल्या तारखेला थांबवायचा हे सोयीने ठरवलंय, आणि सगळी गडबड तिथेच आहे.

"दुसरा शेअर फुकट मिळतो"

हे सगळ्यात जास्त पसरलेलं आणि सगळ्यात चुकीचं, त्यामुळे आकडे घेऊनच बघू, आणि आपल्याकडचंच उदाहरण घेऊ जे लाखो लोकांच्या डिमॅटमध्ये घडलंय. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, जुलै २०२३. ही कंपनी टेक नाही, फायनान्सची आहे, पण यंत्रणा तीच. १९ जुलैला एनएसईवर रिलायन्स २,८४१.८५ ला बंद झाला. २० जुलैला सकाळी किंमत ठरवायला खास सेशन झालं, त्यात रिलायन्सचा भाव ठरला २,५८०. मधला फरक २६१.८५, आणि तीच जिओ फायनान्शियलची किंमत धरली गेली. आता कुणाकडे ५० शेअर होते असं धरा. आदल्या दिवशी त्याच्याकडे १,४२,०९२.५० रुपये होते. दुसऱ्या दिवशी रिलायन्सचे १,२९,००० आणि जिओ फायनान्शियलचे १३,०९२.५०. बेरीज करा, १,४२,०९२.५०. एक पैसाही वाढला नाही, फक्त एका ओळीच्या दोन ओळी झाल्या. आणि २१ ऑगस्टला जिओ फायनान्शियल लिस्ट झाला तेव्हा सलग लोअर सर्किट लागले, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा गाठली गेली, भाव २१५ च्या आसपास आला, म्हणजे ज्याला फुकट म्हणत होते त्यातलंही काही गेलं.

बरं, फुकट म्हणणाऱ्याला आणखी एक गोष्ट भोवते, ती म्हणजे टॅक्स. खूप लोक समजतात की नव्या शेअरची खरेदी किंमत शून्य, काही जण समजतात की बाजारभावाच्या प्रमाणात वाटायची. आपल्या कायद्यात दोन्ही नाही. तुमची मूळ खरेदी किंमत दोन शेअरमध्ये वाटली जाते ती जी मालमत्ता नव्या कंपनीत गेली तिच्या बुक व्हॅल्यूच्या, म्हणजे हिशोबाच्या पुस्तकातल्या किमतीच्या, प्रमाणात. रिलायन्सच्या बाबतीत हे प्रमाण ९५.३२ आणि ४.६८ टक्के निघालं. बाजाराने जिओ फायनान्शियलला सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास किंमत दिली होती, पण खरेदी किंमत त्याच्या वाट्याला ४.६८ टक्केच आली. तुम्ही रिलायन्स २,००० ला घेतला असेल तर जिओ फायनान्शियलची खरेदी ९३.६० धरली जाते आणि तो २५० ला विकला की १५६ रुपये चाळीस पैसे नफा दिसतो, ज्यावर टॅक्स आहे. होल्डिंगचा काळ मात्र मूळ खरेदीपासूनच मोजतात, तेवढं बरं आहे. अमेरिकेत वाटणी बाजारभावाच्या प्रमाणात होते, त्यामुळे तिकडच्या भावंडाने सांगितलेला हिशोब इकडे जसाच्या तसा लावू नका.

"ईबे-पेपल बघा"

बघूच, आणि नीट बघू, कारण सगळा दावा ह्याच एका उदाहरणावर उभा आहे. ईबे ह्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने २००२ मध्ये पेपल ही ऑनलाइन पेमेंटची कंपनी साधारण दीड अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१४ च्या सुरुवातीला कार्ल आयकान हे बडे गुंतवणूकदार मागे लागले की हे वेगळं करा, ईबेने आधी नाही म्हटलं, मग सप्टेंबर २०१४ मध्ये मान्य केलं, आणि जुलै २०१५ मध्ये प्रत्येक ईबेमागे एक पेपल असा शेअर दिला.

वाटणीच्या आधी शुक्रवारी, १७ जुलै २०१५ ला, ईबेचा शेअर ६६ डॉलरच्या आसपास होता. सोमवारी पेपल चाळिशीत आणि ईबे अठ्ठावीसच्या आसपास. जुलै २०२१ मध्ये पेपल ३०० च्या वर गेला, ईबे सत्तरच्या आसपास, म्हणजे ६६ चे जवळपास ३७०. दावा करणारा इथे हिशोब थांबवतो. पण गुंतवणूकदाराचं आयुष्य तिथे थांबत नाही ना. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका दिवसात पेपल जवळपास २५ टक्के पडला, आणि २०२४ संपताना पेपल ८५ आणि ईबे ६२ च्या आसपास, दोन्ही मिळून १४७. ६६ चे १४७, साडेनऊ वर्षांत, म्हणजे साधारण सव्वादोनपट. त्याच काळात एस अँड पी ५०० हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स साधारण २,१२६ वरून ५,८८० वर गेला, म्हणजे पावणेतीनपट, आणि टेक कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक साडेतीनपटीपेक्षा जास्त. ईबेने २०१९ पासून दिलेला थोडा डिव्हिडंड धरला तरी चित्र बदलत नाही, कारण इंडेक्सवालेही डिव्हिडंड देतातच. म्हणजे जगातलं सगळ्यात गाजलेलं टेक स्पिनऑफ दोन्ही शेअर सांभाळून ठेवणाऱ्याला साध्या इंडेक्स फंडाइतकंही देऊ शकलं नाही.

ह्याचा अर्थ वेगळं करणं चूक होतं असा मी काढत नाहीये, उलट पेपलच्या बाबतीत वेगळं होण्याला धंद्यातलं खरं कारण होतं. जे दुकानदार, जे प्लॅटफॉर्म ईबेशी स्पर्धा करत होते त्यांना ईबेच्या मालकीचं पेमेंट वापरायचं नव्हतं, ती अडचण सुटली, आणि पुढच्या वर्षी व्हिसा, मास्टरकार्डबरोबर करार झाले. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पेपलच्या वाढीचं ज्याला इंजिन म्हणतात ते व्हेन्मो, एकमेकांना पैसे पाठवायचं अ‍ॅप, आलं ब्रेनट्री ह्या पेमेंट कंपनीबरोबर, आणि ब्रेनट्री घेतली २०१३ मध्ये, ८० कोटी डॉलरला, ईबेच्याच छताखाली असताना. आणि वेगळं झाल्यावर ईबेला मोकळीक मिळाली ती पेपलला सोडायची, त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये एडियन ह्या डच कंपनीकडे पेमेंट न्यायचं जाहीर केलं. दोन कंपन्यांमधला पाच वर्षांचा करार २०२० पर्यंतच होता. म्हणजे मोकळीक दोघांनाही मिळाली, आणि एकाची मोकळीक दुसऱ्याचं नुकसान होतं. २०२०-२१ मधली उडी आली ती कोरोनात सगळं जग ऑनलाइन खरेदीला लागलं त्यातून. ती स्पिनऑफच्या खात्यावर कशी टाकता येईल?

"सॅनडिस्क बघा"

हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलने फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅनडिस्क वेगळी केली, तीन शेअरमागे एक. सुरुवात ५० डॉलरच्या आसपास, एप्रिलमध्ये तिशीपर्यंत घसरला, वर्ष संपताना २०० च्या वर. आकडा खरा आहे. आता बाजूला बघा. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने काहीही वेगळं केलं नाही, २०२५ मध्ये तो शेअर तिपटीच्या वर गेला. हार्ड डिस्कवाल्या सीगेटनेही काही वेगळं केलं नाही, तोही तिप्पट. एआयच्या डेटा सेंटरला मेमरी आणि स्टोरेज पुरेना, भाव चढले, आणि जो कुणी फ्लॅश मेमरी, डीरॅम किंवा हार्ड डिस्क विकत होता तो वर गेला, खुद्द वेस्टर्न डिजिटलसुद्धा. सॅनडिस्क त्यातली सगळ्यात हलकी, फक्त फ्लॅशवर जगणारी, म्हणून ती जास्त उडाली, हे मान्य. पण मेमरीचं चक्र उलटं फिरतं तेव्हा हाच एकटेपणा उलटा लागतो, आणि मेमरीचं चक्र उलटं फिरलेलं ह्या धंद्यात सगळ्यांनी अनेकदा पाहिलंय.

आणि हिशोब सुरू कुठून करायचा ते बघा. सॅनडिस्क आकाशातून पडली नव्हती, वेस्टर्न डिजिटलनेच ती २०१६ मध्ये जवळपास १६ अब्ज डॉलर मोजून घेतली होती, कर्ज काढून. ज्याने तेव्हापासून वेस्टर्न डिजिटल धरलाय त्याची मधली कित्येक वर्षं भाव आहे तिथेच राहण्यात गेली. आधी शेअरहोल्डरच्या पैशाने महाग वस्तू घ्यायची, मग नऊ वर्षांनी तीच त्याला परत द्यायची आणि त्याला व्हॅल्यू अनलॉक झाली म्हणायचं, हे मला पटत नाही. कुलूप कुणी लावलं होतं हेही विचारायला पाहिजे.

"अभ्यासांनी सिद्ध झालंय"

अभ्यास आहेत, पण ते काय म्हणतात ते पूर्ण वाचायला पाहिजे. स्पिनऑफच्या घोषणेवर झालेल्या डझनावारी अभ्यासांची सरासरी काढली तर घोषणेच्या दिवसांत मूळ कंपनीचा शेअर बाजारापेक्षा साधारण ३ टक्के जास्त चढतो असं निघतं. हे खरं मानायला हरकत नाही. पण हे ३ टक्के कुणाला मिळतात, तर ज्याच्याकडे घोषणेच्या आधीच शेअर होता त्याला. घोषणा वाचून घेणाऱ्याला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आयबीएमने आपला आयटी सर्व्हिसेसचा एक भाग वेगळा काढायचं जाहीर केलं (तीच पुढे किन्ड्रिल झाली), शेअर त्या दिवशी सहा टक्के चढला, आणि महिना संपायच्या आत ते सहाही गेले आणि वरचेही काही गेले.

दुसरा नेहमी दिला जाणारा अभ्यास १९९३ मध्ये छापून आलेला, १९६५ ते १९८८ मधल्या अमेरिकन स्पिनऑफचा. त्यात तीन वर्षांत मूळ आणि नवी, दोन्ही कंपन्या तशाच इतर कंपन्यांपेक्षा पुढे राहिल्या असं दिसलं, आणि सगळे एवढंच सांगतात. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की ही जास्तीची कमाई मुख्यतः अशा कंपन्यांमधून आली ज्या नंतर कुणीतरी विकत घेतल्या. म्हणजे फायदा वेगळं होण्याचा कमी आणि वेगळं झाल्यावर चांगल्या भावात गिऱ्हाईक मिळण्याचा जास्त. गिऱ्हाईक कुणाला मिळेल हे आधी ओळखता येत असेल तर मग स्पिनऑफची तरी गरज काय? नंतरच्या अभ्यासांमध्ये, विशेषतः युरोपातल्या स्पिनऑफवर, लांबच्या मुदतीत असा काही वेगळा फायदा दिसला नाही.

आणि ज्यांना अभ्यास नको, प्रत्यक्ष पैसे हवेत त्यांच्यासाठी: अमेरिकेत फक्त स्पिनऑफच विकत घेणारा एक ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड, २००६ पासून चालू आहे, सध्या तो इन्व्हेस्को ह्या फंड कंपनीकडे आहे. कल्पनेत एवढा दम असता तर त्यात पैसे टाकून माणूस निवांत बसला असता. २०१५ ते २०२४ ही दहा वर्षं धरली तर हा फंड एस अँड पी ५०० च्या बराच मागे राहिला.

"एकत्र असताना खरी किंमत कळत नाही, वेगळं झालं की कळते"

ह्याला एकच उदाहरण पुरे आहे आणि ते टेकमधलंच आहे. २ मार्च २००० ला नेटवर्किंगची उपकरणं बनवणाऱ्या थ्रीकॉमने हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या आपल्या पाम कंपनीचे थोडेसे, पाच टक्क्यांच्या आसपास शेअर बाजारात विकले आणि सांगितलं की बाकीचे काही महिन्यांत आमच्या शेअरहोल्डरना वाटून टाकू, प्रत्येक थ्रीकॉममागे साधारण दीड पाम. आयपीओचा भाव ३८ डॉलर, दिवसअखेर पाम ९५ वर. म्हणजे एका थ्रीकॉमच्या पोटात असलेल्या पामचीच किंमत झाली १४२ डॉलर. आणि थ्रीकॉम स्वतः बंद झाला ८२ च्या जरा खाली! म्हणजे बाजार म्हणत होता की थ्रीकॉमचा उरलेला सगळा धंदा, नेटवर्किंगची कमाई, बँकेतली रोकड, सगळं मिळून उणे ६० डॉलर. एका शेअरमागे. एकूण उणे वीसेक अब्ज. हे अशक्य होतं, सगळ्यांना दिसत होतं, पेपरात छापून आलं, तरी काही आठवडे भाव तसेच राहिले कारण पामचे शेअर शॉर्ट करायला, म्हणजे उसने घेऊन विकायला, मिळतच नव्हते.

तर वेगळं केल्यावर दिसलेली किंमत ही खरी किंमत होती का? पाम पुढे एचपीने २०१० मध्ये १.२ अब्ज डॉलरला विकत घेतली, त्या पहिल्या दिवशीच्या किमतीचा अगदी छोटा तुकडा. एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीमधून निघालेल्या, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या ल्युसेंटचंही तसंच, १९९६ मध्ये २७ डॉलरला आयपीओ, डिसेंबर १९९९ मध्ये ऐंशीच्या वर, २००२ मध्ये एका डॉलरच्या खाली. वेगळी झालेली कंपनी बाजाराला आवडते तेव्हा तिला वेडी किंमत मिळू शकते, आणि नावडते तेव्हाही, एवढंच ह्यातून दिसतं.

"वेगळं झालं की फोकस येतो"

ह्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून ह्याला जरा वेळ देतो. मोठ्या कंपनीत छोट्या विभागाला भांडवल मिळत नाही, चांगली माणसं टिकत नाहीत कारण त्यांचे ईसॉप्स (कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर) दुसऱ्याच धंद्याच्या नशिबाला बांधलेले असतात, सीईओचं लक्ष जिथे जास्त पैसे तिथे. वेगळं झालं की हे सुटतं. एजिलेंटमधून २०१४ मध्ये निघालेली कीसाइट, मोजमापाची उपकरणं बनवणारी, हे चांगलं उदाहरण आहे.

पण टेकमधली बहुतेक मोठी स्पिनऑफ तशी नाहीत. ती जुन्या महागड्या खरेदीची निस्तरानिस्तर आहे. एचपीचं बघा. २००८ मध्ये ईडीएस ही आयटी सर्व्हिसेसची कंपनी घेतली १३.९ अब्ज डॉलरला. २०११ मध्ये ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली ११ अब्जांच्या आसपास. २०१२ मध्ये दोन्हींवर मिळून सोळा अब्जांहून जास्त रक्कम पुस्तकातून उडवली, ईडीएसच्या सर्व्हिसेसवर ८ आणि ऑटोनॉमीवर ८.८. मग २०१५ मध्ये कंपनीचे दोन भाग केले, एचपी इन्क आणि एचपी एंटरप्राइझ. मग एंटरप्राइझमधून २०१७ मध्ये सर्व्हिसेस काढून डीएक्ससी केली, ईडीएस तिकडे गेली. त्याच वर्षी सॉफ्टवेअर काढून मायक्रो फोकस ह्या ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनीला जोडलं, ऑटोनॉमी तिकडे गेली. शेअरहोल्डरला प्रत्येक वेळी नव्या कंपनीचा कागद मिळाला आणि प्रत्येक वेळी फोकसचं भाषण मिळालं. मायक्रो फोकस मार्च २०१८ मध्ये एका दिवसात ४५ टक्क्यांहून जास्त पडली. डीएक्ससी साठीच्या आसपास सुरू झाली, नव्वदीच्या वर गेली, २०२४ संपताना वीसच्या आसपास होती. झेरॉक्सचंही तेच, २०१० मध्ये एसीएस ही आउटसोर्सिंगची कंपनी घेतली ६.४ अब्जांना, २०१७ मध्ये कॉन्ड्युएंट नावाने बाहेर काढली, तिचा शेअर २०२० मध्ये ३ डॉलरच्या खाली होता. नव्या कंपनीत फोकस होता हो, पण ज्या धंद्यावर फोकस होता तो धंदाच आटत होता.

शिवाय वेगळं व्हायला खर्च येतो आणि तो ह्या दाव्यात कुठेच नसतो. आपल्यापैकी ज्यांनी कार्व्ह-आउटच्या, म्हणजे कंपनीचा एक भाग कापून वेगळा काढायच्या, प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, कंपनीचा सगळा हिशोब सांभाळणारं एक एसएपी सॉफ्टवेअर होतं त्याचे दोन करायचे, वर्षानुवर्षांचा डेटा कुणाचा हे ओळीओळीने ठरवायचं, मेल डोमेन, लॉगिन, लायसन्स सगळं नव्याने, व्हेंडरबरोबरचे करार परत बसून बोलायचे आणि आता व्हॉल्यूम निम्मं म्हणून डिस्काउंटही कमी, आणि हे होईपर्यंत ट्रान्झिशन सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटखाली जुन्याच कंपनीला पैसे देऊन सिस्टम वापरायची. वर दोन बोर्ड, दोन सीएफओ, दोन ऑडिट. आयबीएमने किन्ड्रिल वेगळी करताना वेगळं होण्याचा आणि त्यासोबतच्या फेरबदलांचा खर्च जवळपास ५ अब्ज डॉलर सांगितला होता. तो शेअरहोल्डरच्याच खिशातून गेला.

आणि फोकसच्या नादात कधी काय हातचं जातं त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते उदाहरण. एचपीने १९९९-२००० मध्ये एजिलेंट वेगळी केली. एजिलेंटने पुढे मोजमापावर फोकस करायचं ठरवलं आणि २००५ मध्ये आपला चिपचा विभाग विकून टाकला, केकेआर आणि सिल्व्हर लेक ह्या प्रायव्हेट इक्विटीवाल्यांना, २.६६ अब्ज डॉलरला. शेअरहोल्डरला वाटला नाही, विकला. त्याची झाली अव्हॅगो, २००९ मध्ये लिस्ट झाली, २०१६ मध्ये तिने ३७ अब्जांना ब्रॉडकॉम घेतली आणि नावही तेच घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्या ब्रॉडकॉमची किंमत एक ट्रिलियन डॉलरच्या वर गेली. जुन्या एचपीच्या, एजिलेंटच्या शेअरहोल्डरला ह्यातलं काही मिळालं नाही. म्हणून कंपनी फोकस म्हणते तेव्हा काय वाटलं जातंय आणि काय विकलं जातंय हे वेगवेगळं बघा.

"मूळ विका, छोटी ठेवा"

मोटोरोला जानेवारी २०११ मध्ये फुटली तेव्हा सगळ्यांचं लक्ष मोबाइलवाल्या मोटोरोला मोबिलिटीवर होतं, अँड्रॉइड जोरात होतं. ती त्याच वर्षी गूगलने ४० डॉलरच्या भावाने घ्यायचं ठरवलं, चांगला प्रीमियम मिळाला आणि तिथेच संपलं. उरलेली मूळ कंपनी, मोटोरोला सोल्युशन्स, पोलीस आणि अग्निशमन दलाचे वायरलेस बनवणारी, कुणाला नको असलेली, तो शेअर तेव्हा ४० च्या खाली होता आणि २०२४ मध्ये साडेचारशेच्या वर. आयबीएमच्या बाबतीतही मूळच पुढे. नोव्हेंबर २०२१ मध्ये किन्ड्रिल २८ च्या आसपास सुरू झाली, २०२२ मध्ये १० च्या खाली, २०२४ संपताना ३५ च्या जवळ. आयबीएम त्याच काळात १२० वरून २२० वर. नियम म्हणावा असं इथे काही नाही.

एक गोष्ट मात्र छोटी ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. नवा शेअर लिस्ट झाला की इंडेक्स फंड आणि ज्यांना तो मुळात नकोच होता असे मोठे फंड भाव न बघता विकतात, त्यामुळे सुरुवातीला पडतो आणि कधी कधी स्वस्त मिळतो. किन्ड्रिल १० च्या खाली घेणाऱ्याचे पैसे झाले. पण तळ यायला तिला वर्षाच्या आसपास लागलं, जिओ फायनान्शियलला काही दिवस, त्यामुळे कधी घ्यायचा ह्याचं उत्तर तारखेत नाही, ताळेबंदात आहे. कर्ज कुणाच्या डोक्यावर गेलं ते आधी बघा. डेलने नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी वेगळी केली तेव्हा जाता जाता व्हीएमवेअरने ११.५ अब्ज डॉलरचा खास डिव्हिडंड दिला, त्यातले ९ अब्जांहून जास्त मोठी मालक म्हणून डेलला मिळाले आणि डेलने त्यातून स्वतःचं कर्ज फेडलं. डेलचा ताळेबंद हलका झाला आणि व्हीएमवेअरचा जड. दोन शेअर हातात असणाऱ्याने हे वाचलं नसेल तर कुठला विकायचा हे तो कशावरून ठरवणार?

आणि आपलं पुण्याचं केपीआयटी

हे उदाहरण मराठी लोकांत फार सांगितलं जातं आणि ते आहेच सांगण्यासारखं. जुन्या केपीआयटीत २०१९ च्या सुरुवातीला बिर्लासॉफ्ट विलीन झाली आणि मग दोन भाग झाले, आयटी सर्व्हिसेसचा भाग बिर्लासॉफ्ट नावाने सी. के. बिर्ला समूहाकडे आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा भाग रवी पंडित, किशोर पाटील ह्यांच्याकडे केपीआयटी टेक्नॉलॉजीज म्हणून. शेअरहोल्डरला एकास एक. एप्रिल २०१९ मध्ये नवा केपीआयटी शंभरच्या आसपास लिस्ट झाला, मार्च २०२० मध्ये पन्नासच्या खाली होता, २०२३ मध्ये हजारच्या वर आणि २०२४ मध्ये १,९०० पर्यंत गेला. फोकस खरोखर कामाला आला असं म्हणायचं असेल तर ते इथे म्हणता येतं, गाड्या इलेक्ट्रिक होत होत्या, गाडीतलं सॉफ्टवेअर वाढत होतं आणि ह्यांनी दुसरं काही करायचंच नाही असं ठरवलं होतं.

पण शेजारी सेनापती बापट रोडवरची पर्सिस्टंट ही आयटी कंपनी बघा. कसलाच डिमर्जर नाही. २०२४ मधलं शेअर स्प्लिट धरून एप्रिल २०१९ चा तिचा भाव तीनशेच्या थोडा वर येतो, आणि २०२४ च्या डिसेंबरात तो साडेसहा हजारांच्या घरात होता. वीसपटीच्या आसपास, म्हणजे केपीआयटीच्या मागे अजिबात नाही. बिर्लासॉफ्टसुद्धा, जी ह्या वाटणीतली कमी आवडलेली बाजू होती, २०२४ च्या सुरुवातीला आठशेच्या वर गेली आणि नंतर तिने त्यातलं बरंच गमावलं. कोरोनानंतर जगभरच्या कंपन्यांनी डिजिटलवर पैसा ओतला आणि आपल्या मिडकॅप आयटीतले जवळपास सगळेच वर गेले. तेव्हा केपीआयटीचं नाव घेऊन डिमर्जरचा शेअर डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्याने आधी पर्सिस्टंटचा आकडा शेजारी मांडावा, आणि केपीआयटीच्या त्या वाढीतला किती भाग डिमर्जरमुळे आला तो वेगळा काढून दाखवावा.